बायका शिकल्या म्हणून लग्न मोडीत निघालं?

सगळीकडे फिरणारा दावा थोडक्यात असा: ‘पश्चिमेत पूर्वी मोठी एकत्र कुटुंबं होती. मग घटस्फोट सोपा झाला, बायका शिकल्या-कमावू लागल्या, माणसं चंगळवादी झाली आणि लग्नाच्या जागी लिव्ह-इन आलं. तेही टिकाऊ नाही. लग्नाआधी एकत्र राहिलेल्यांचेच घटस्फोट जास्त. आणि हक्क तेच मिळत असतील, तर लग्न करेल कोण?’

एकत्र कुटुंबाचं विधान इंग्लंडपुरतं तरी चूक आहे. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी जुन्या गावांच्या रहिवासी-याद्या तपासल्या, तेव्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं सरासरी घर निघालं पावणेपाच माणसांचं, तेही घरातले नोकर धरून. पुष्कळ मुलं किशोरवयातच दुसऱ्यांकडे कामाला राहत, लग्न पंचविशीच्या आसपास होई आणि लग्न झालं की चूल वेगळी.

घटस्फोटाचा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये १९७१पासून सैल झाला आणि आकडे उसळले, हे खरं. पण ते १९९३मध्ये शिगेला पोचले आणि नंतर उतरत गेले. ब्रिटनमधली लग्नाविना राहणाऱ्या जोडप्यांची कुटुंबं मात्र १९९६मध्ये १५ लाख होती, ती २०१७मध्ये ३३ लाख झाली. कायद्याचा हात असलाच तर आडवळणाचा: आई-बापांचा काडीमोड पाहिलेली मुलं लग्नाला बिचकतात.

शिक्षणाबाबत तर दावा उलटाच पडतो. अमेरिकेत पदवीधर स्त्रिया लग्न उशिरा करतात, पण करतात, आणि त्यांची लग्नं जास्त टिकतात. लग्नाविना एकत्र राहून मुलं होणं हे कमी शिकलेल्या, बेभरवशाच्या रोजगारावर जगणाऱ्या थरात अधिक. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांच्या मते लग्न पूर्वी संसाराचा पाया होतं, आता कळस झालं आहे. आधी पक्की नोकरी, राहायची सोय, गाठीला थोडे पैसे, मग लग्न. ज्यांची ही जुळवाजुळव होतच नाही, त्यांचं लग्न लांबत जातं. एकत्र राहणं आणि मुलं होणं तेवढं थांबत नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या पहिल्या लग्नाचं मध्यक वय १९६०मध्ये २०.३ होतं, २०२०मध्ये २८.१. ही जवळपास आठ वर्षं कोणी एकटं काढावीत अशी अपेक्षा पूर्वी गर्भधारणेच्या भीतीवर उभी होती. ती भीती गर्भनिरोधक गोळीने घालवली. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत ही गोळी १९६१ला आली, तीही विवाहितांपुरती. १९६७च्या कायद्याने अविवाहितांनाही वाट मोकळी झाली.

चंगळवाद मोजायची पट्टी कुणाकडे नाही, म्हणून एकच आकडा. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ साली ५१.३ टक्के जन्म विवाहाबाहेरचे होते. यावरून ‘बिनबापाची पिढी’ अशी ओरड होते. पण त्यातल्या बहुसंख्य बाळांची नोंद एकाच पत्त्यावर राहणाऱ्या आई-वडिलांनी मिळून केलेली असते.

आता सर्वांत फसवा मुद्दा, घटस्फोटाचा. एक जोडपं एकोणिसाव्या वर्षी एकत्र राहू लागलं आणि तेविसाव्या वर्षी लग्न केलं. दुसऱ्याने थेट तेविसाव्या वर्षी लग्न करून संसार थाटला. दोघांचं ‘लग्नाचं वय’ सारखं धरलं की पहिलं जोडपं जास्त मोडतं आणि खापर लिव्ह-इनवर फुटतं. वास्तविक पहिल्याची तुलना एकोणिसाव्या वर्षी लग्न केलेल्यांशी व्हायला हवी. एवढ्या कोवळ्या वयात जोडीदार निवडण्यातच जोखीम असते. समाजशास्त्रज्ञ आरिएल कुपरबर्ग यांनी २०१४मध्ये वय असं एकत्र राहू लागल्यापासून मोजलं, तेव्हा फरक जवळजवळ विरला. यावर वाद संपलेला नाही, हेही सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञ स्कॉट स्टॅन्ली यांचा आक्षेप वेगळा आहे: भाडेकरार संपला, सामान आधीच निम्मं तिकडे होतं, म्हणून राहायला गेलो, अशी घसरत झालेली सुरुवात आणि ठरवून केलेली सुरुवात एक नव्हे. सामायिक भाडं, फर्निचर, कर्ज यांत पाय अडकला की न पटणाऱ्यांनाही बाहेर पडणं जड जातं आणि तेच पुढे लग्नही करून बसतात.

राहिले हक्क. ते ‘तेच’ नाहीत. स्वीडनमध्ये लग्नाविना राहणाऱ्या जोडप्यांसाठी १९८८पासून स्वतंत्र कायदा लागू आहे, पण त्यात वाटणी होते ती दोघांच्या वापरासाठी घेतलेल्या घराची आणि घरसामानाची. बँकेतल्या शिलकीची नाही. इंग्लंडमध्ये ‘इतकी वर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवरा-बायको’ असं समजणारे पुष्कळ आहेत, तसा कायदा मात्र नाही. जोडीदार मृत्युपत्र न करता गेला, तर मागे राहिलेल्याला वारस म्हणून आपोआप काहीच मिळत नाही. १९७५च्या कायद्याखाली कोर्टात दावा लावावा लागतो, आणि जोडीदार म्हणून तो लावायचा तर मृत्यूआधीची सलग दोन वर्षं एका घरात संसार केल्याचं दाखवावं लागतं.