आसन दुरुस्त करणारा हात

पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या पश्चिमोत्तानासनात माझे कपाळ गुडघ्यांना पहिल्यांदा टेकले, ते शिक्षकांनी माझ्या पाठीवर टाकलेल्या वजनामुळे. त्या वेळी मला अभिमानच वाटला होता. दुसऱ्या दिवसापासून मात्र उजव्या बाजूला, मांडीच्या मागचा स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो नेमक्या त्या जागी, बारीक कळ सुरू झाली आणि जवळजवळ वर्षभर ती दुचाकीवर बसताना आणि जिना चढताना मला त्या दिवसाची आठवण करून देत राहिली. शिक्षकांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण माझा श्वास रोखला गेला आहे हे त्यांना दिसले नाही आणि मीही ते सांगितले नाही.

गेली सोळा वर्षे मी स्वतः आसने शिकवते आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. विद्यार्थ्याचे आसन सुधारण्यासाठी शिक्षकाने आधी नीट पाहावे, मग सांगावे, मग साधन द्यावे आणि एवढे करूनही भागले नाही तरच, तेही विचारून, हात लावावा. आपल्याकडे बहुतेक वर्गांत हा क्रम नेमका उलटा चालतो.

पाय फाकवून उभे राहून एका बाजूला वाकण्याच्या त्रिकोणासनाचेच पाहा. विद्यार्थी हट्टाने घोट्यापर्यंत हात नेतो, त्यामुळे छाती जमिनीकडे वळते आणि शिक्षक धावत येऊन वरचा खांदा मागे ओढतात. खांदा मागे जातो, पण हात काढताक्षणी पुन्हा पुढे येतो, कारण दोष खांद्यात नसून खुब्यात असतो. खालच्या हाताखाली लाकडी वीट ठेवली की विद्यार्थ्याला तेवढे खाली जावेच लागत नाही आणि छाती बरीचशी आपोआप उघडते. तळहात आणि पावले जमिनीवर ठेवून कंबर वर उचलण्याच्या अधोमुख श्वानासनात टाचा टेकत नाहीत म्हणून त्या दाबणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. तिथे गुडघे थोडे वाकवून बैठकीची हाडे वर उचलायला सांगणे अधिक उपयोगी पडते. हात लावायचाच असेल, तर तो मांडीच्या मुळाशी लावून मांड्या मागे आणि वर न्याव्यात. मनगटांवरचा भार हलका होतो, पाठीचा कणा लांब होतो आणि विद्यार्थ्याला नेमकी दिशा कळते. हात वापरूच नये असे माझे म्हणणे नाही, हे यावरून लक्षात यावे.

पद्मासनात गुडघे खाली दाबणारा हात मात्र मला अजिबात मान्य नाही. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालणारा सांधा आहे. मांडी बाहेर वळते ती खुब्यात. खुबा वळत नसताना गुडघा दाबला, तर तो सगळा पीळ गुडघ्यातल्या कूर्चेवर येतो. शिवाय खुब्याच्या खोबणीची खोली आणि मांडीच्या हाडाचा कोन प्रत्येकाचा वेगळा असतो. स्नायू सरावाने लांबतील, पण प्रौढ माणसाच्या हाडाची घडण सरावाने बदलत नाही. शेजारच्या सतरंजीवरच्या मुलीला जमते म्हणून आपल्याला जमलेच पाहिजे, हा आग्रह विद्यार्थ्यानेही सोडायला हवा.

पुण्यात राहून या विषयावर लिहायचे, तर योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींना वगळून चालणार नाही. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले, त्याआधी म्हैसूरला त्यांचे गुरू कृष्णमाचार्य यांनी पूर्वतयारी नसताना त्यांच्याकडून पाय पुढे-मागे पूर्ण पसरण्याचे हनुमानासन करवून घेतले होते आणि त्यात मांडीमागचे स्नायू दुखावले होते, हे अय्यंगार गुरुजींनी स्वतःच सांगितले आहे. पुढे त्यांनीच दोरी, पट्टा, वीट, लोड, खुर्ची, घडी घातलेली ब्लँकेटे अशी साधने आणून आसन विद्यार्थ्याच्या शरीरापर्यंत नेले. सर्वांगासनात खांद्यांखाली ब्लँकेटे देऊन मानेवरचा दाब कमी करणे हा तर साधा पण मोठा विचार आहे. त्याच वेळी गुरुजींचा स्वतःचा हात फार कडक होता, हेही त्यांच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांचा हात उचलणाऱ्या अनेकांनी त्यांची नजर मात्र उचललेली नाही, असे मला वाटते.

स्पर्शाची दुसरी बाजू बोलायला अवघड आहे, म्हणूनच ती टाळू नये. म्हैसूरचे योगशिक्षक पट्टाभी जोईस यांनी आसन दुरुस्त करण्याच्या निमित्ताने अनुचित स्पर्श केल्याचे अनेक विद्यार्थिनींनी जाहीरपणे सांगितले आणि २०१९ मध्ये त्यांच्या नातवाने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्यानंतर परदेशातल्या अनेक वर्गांत, स्पर्श चालेल की नाही हे दाखवणारी चकती सतरंजीशेजारी ठेवण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे ‘सरांना नाही कसे म्हणायचे’ हा संकोच मोठा असल्याने मी वेगळी रीत ठेवली आहे. वर्गाच्या सुरुवातीला सगळे वज्रासनात डोळे मिटून बसलेले असताना, ज्यांना आज स्पर्श नको असेल त्यांनी तळहात छातीवर ठेवावा, असे मी सांगते. कारण विचारत नाही. पहिल्याच दिवशी सात तळहात वर आले आणि त्यांपैकी तिघीजणी माझ्याकडे चार वर्षांपासून येत होत्या.

‘दुखतंय का?’ हा प्रश्नही मी सोडून दिला आहे, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘नाही मॅडम, ठीक आहे.’ त्याऐवजी ‘ताण कुठे जाणवतो, बोटाने दाखवा’ असे विचारते. बोट स्नायूच्या मध्यावर गेले तर थांबायला हरकत नाही. सांध्यावर किंवा हाडाच्या टोकाशी गेले तर लगेच आसन सोडायला लावते. माझ्या शिक्षकांनी त्या दिवशी एवढे विचारले असते, तर माझे बोट कुठे गेले असते हे मला चांगले ठाऊक आहे.

नव्या शिक्षकांना शिकवताना मी त्यांच्याकडून पहिले काही वर्ग दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायला लावते. सुरुवातीला ते कासावीस होतात आणि तीच सूचना आवाज चढवून पुन्हा पुन्हा देतात. मग हळूहळू गप्प होतात, वर्गात फिरू लागतात आणि विद्यार्थ्यांच्या पावलांकडे पाहू लागतात.