चक टेलरच्या गावात चक टेलरचे बूट चालत नाहीत

आज फार चिडलो आहे, म्हणून जरा लांबण लावणार आहे; कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका. लेक बास्केटबॉलच्या सरावाला कॉन्व्हर्सचे काळे ऑल स्टार घालून गेली आणि प्रशिक्षकांनी सगळ्या मुलींसमोर तिला सुनावले की हे मिरवण्याचे बूट आहेत, मैदानावर आणायचे नाहीत. हे घडले कुठे? तर कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या निमित्ताने पुण्याकडची आम्ही इतकी मंडळी ज्या गावात येऊन राहिलो आहोत त्या इंडियानातल्या कोलंबसमध्ये, म्हणजे ज्याची सही त्या बुटावर आहे तो चक टेलर जिथल्या शाळेच्या संघातून खेळला, त्याच गावात!

ऑल स्टार 1917 साली बाजारात आला. बॉस्टनजवळच्या माल्डनमध्ये मार्क्विस कॉन्व्हर्स यांनी 1908 साली रबरी पादत्राणांचा कारखाना काढला होता, तिथला हा बूट. लाकडी फरशीवर पाय धरून राहावा म्हणून रबरी तळवा, बोटांना मार लागू नये म्हणून पुढे रबराची टोपी, पायाला हवा लागावी म्हणून आतल्या बाजूला दोन भोके. आज टी-शर्टांवर छापला जाणारा तो गोल बिल्लासुद्धा मुळात घोट्याच्या हाडाला आधार मिळावा म्हणून शिवलेला होता. लेकीला हे सारे ठाऊक आहे, कारण गेल्या आठवड्यात बूट समोर ठेवून मीच तिला सांगितले होते. बिचारी ते प्रशिक्षकांना सांगायला गेली, तर ते हसले म्हणे.

एक मान्य करतो. तळवा सपाट आणि पातळ आहे, आजच्या उड्यांना तो पुरत नाही, आणि मुलींच्या गुडघ्यांची काळजी करणारा माणूस दुष्ट नसतो. बूट बदला म्हणाले असते तर मी निमूटपणे बदलले असते. पण हसायचे कशाला? फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 रोजी न्यूयॉर्कविरुद्ध एकाच सामन्यात एकट्याने 100 गुण केले, तेव्हा त्याच्या पायात हेच बूट होते, आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत तो विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही.

टेलरविषयी लिहू लागलो की मात्र माझा राग जरा निवतो. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस कंपनीत विक्रेता म्हणून लागला आणि पुढची कित्येक वर्षे मोटारीत बुटांच्या पेट्या टाकून गावोगाव हिंडला. शाळांमधून तो खेळाची शिबिरे घ्यायचा, मुलांना चेंडू कसा द्यावा हे शिकवायचा आणि मग गावातल्या दुकानदाराकडे ऑर्डर मिळवून द्यायचा. खेळाडू म्हणून त्याच्याविषयी ज्या कथा सांगितल्या गेल्या त्यांत बरीच भर घातलेली होती, हेही खरे; पण शिकवणे खरे होते. 1930 च्या दशकात त्याची सही बिल्ल्यावर आली, आणि त्या सहीबद्दल त्याला प्रत्येक जोडामागे एक छदामही मिळाला नाही. पगार आणि प्रवासखर्च, बस्स. 1969 साली तो गेला. बूट विकता विकता निम्म्या देशाला खेळ शिकवणारा असा माणूस आज कोणत्या कंपनीला परवडेल?

2001 साली कॉन्व्हर्सचे दिवाळे निघाले, अमेरिकेतला शेवटचा कारखाना बंद झाला आणि 2003 साली नायकेने कंपनी विकत घेतली. आता नव्या जोडाचा तळवा उलटा करून पाहा, बहुधा रबरावर कापडी लव चिकटवलेली दिसेल. ती पकडीसाठी नाही आणि आरामासाठीही नाही. तळव्याला कापड लागले की अमेरिकेच्या जकातीत हा बूट घरात घालायच्या सपातांच्या जवळ जाऊन बसतो आणि कर वाचतो. चार दिवस चालले की ती झिजून जाते. मिरवण्याचे बूट म्हणून हसायचेच असेल, तर त्या लवेला हसा, आणि ती चिकटवणाऱ्यांना हसा. माझ्या पोरीला नको.