सांधेदुखी, स्टिरॉइड आणि रक्ताचा कर्करोग: एका संदेशाला उत्तर

‘सांधे दुखतात म्हणून बोन मॅरोची तपासणी कशाला?’ असे विचारणारा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. रक्ताचा कर्करोग रक्तात असतो, हाडांशी त्याचा संबंध नाही; सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल असेल तर तो नाहीच; एएनए (प्रतिपिंडे शोधणारी एक रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आला की संधिवात पक्का; मुलांचे पाय वाढीमुळे आणि म्हाताऱ्यांची कंबर वयामुळे दुखते; आणि स्टिरॉइडने आराम पडला की शंकाच मिटली, असे त्याचे म्हणणे. माझ्या मावसबहिणीने तो वाचून सहा वर्षांच्या मुलाची डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी लांबणीवर टाकली नसती, तर मी या मजकुराकडे ढुंकूनही पाहिले नसते.

पहिल्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत, म्हणजेच बोन मॅरोत, तयार होते. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी तिथेच दाटतात, आतून दाब वाढतो, हाडावरचे आवरण ताणले जाते आणि मूल गुडघा किंवा घोटा धरून रडते. सूज बेताची आणि वेदना मात्र असह्य, ही विसंगती जाणत्या डॉक्टरांना खटकते ती यामुळेच.

सर्वांत घातक मुद्दा स्टिरॉइडचा. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचाराचा पहिला टप्पाच प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडांसह सुरू होतो, कारण ही औषधे त्या पेशींना मारतात. म्हणजे ज्या आरामाला हा संदेश संधिवाताचा पुरावा म्हणतो, तो आराम ल्युकेमियातही पडतो. ताप उतरतो, मूल चालू लागते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण एकट्या स्टिरॉइडने आजार मुळातून जात नाही, तो काही काळ झाकला जातो, त्या अवधीत केलेली मज्जेची तपासणीही दिशाभूल करू शकते आणि पुढच्या उपचारांची आखणी अवघड होते. म्हणूनच शंका असेल तर आधी तपासणी आणि मग स्टिरॉइड, हा क्रम उलटा करायचा नसतो. ‘वाताची पुडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडते, हे इथे सांगितलेच पाहिजे.

सीबीसीबद्दल ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २००६ साली आलेला अभ्यास पुरेसा बोलका आहे. त्यात संधिवाताची २०६ आणि ल्युकेमियाची ७१ मुले होती. ल्युकेमियाच्या मुलांपैकी ७५ टक्क्यांच्या रक्तात संधिवाततज्ज्ञांकडील तपासणीच्या वेळी कर्करोगाच्या पेशी दिसल्याच नव्हत्या. दोन्ही आजारांतला फरक दाखवणाऱ्या खुणा तीन निघाल्या: पांढऱ्या पेशी ४,००० पेक्षा कमी, प्लेटलेट्स दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान आणि रात्री होणाऱ्या वेदना. यांतली दुसरी खूण नीट पाहावी. अडीच लाखांखालचा हा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणूनच छापला जातो. परंतु सांध्यांत खरोखर जोरदार दाह असेल आणि ईएसआर (दाह दाखवणारी रक्तचाचणी) चढलेला असेल, तर प्लेटलेट्सही वाढायला हव्यात. त्या वाढत नसतील, तर मज्जेत काहीतरी बिघडले आहे का, हे विचारावेच लागते. एएनएचा मुद्दा याच अभ्यासात निकालात निघतो: तो दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात पॉझिटिव्ह होता.

वाढीच्या वयातले पायदुखणे खरे असते, एवढे मान्य करावे लागेल, आणि सांधे दुखणाऱ्या बहुसंख्य मुलांना कर्करोग नसतो, हेही खरे. पण ते दुखणे दोन्ही पायांच्या स्नायूंत असते, चोळल्यावर थांबते आणि सकाळी मूल धावत सुटते. लंगडणे, ताप, फिकटपणा किंवा घटणारे वजन त्यात बसत नाही.

राहिली म्हाताऱ्यांची कंबर. मेयो क्लिनिकने २००३ साली मल्टिपल मायलोमा या मज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाच्या १,०२७ नव्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला; त्यांतील ५८ टक्क्यांना निदानाच्या वेळी हाडांच्या वेदना होत्या आणि ७३ टक्क्यांना रक्तक्षय होता. कंबरदुखीसोबत हिमोग्लोबिन उतरलेले, ईएसआर फार चढलेला आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असेल, तर सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातली विकृत प्रथिने शोधणारी चाचणी करून घ्यावी. आणि तोवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या थांबवाव्यात, कारण मायलोमात आधीच धोक्यात आलेली मूत्रपिंडे त्यांनी निकामी होऊ शकतात.