दोन भटजी, एक मांडव

बडोद्यात मराठी-गुजराती लग्नाचं आता कुणाला नवल नाही. तरी दर लग्नसराईत घोळ तोच, 'दोन्हीकडचं थोडं थोडं करू'. माझं मत विचाराल तर होम एकाच पद्धतीचा, पण पूर्ण करा. दुसऱ्या बाजूचं होमाबाहेरचं असेल तेवढंच घ्या.

अडतं ते मुहूर्ताच्या मिनिटावर. आपल्याकडे त्या मिनिटाला अंतरपाट दूर होतो, नवरानवरी उभी असतात. गुजरात्यांकडे तेच मिनिट हस्तमेळापाचं, म्हणजे वधूवरांचे हात एकमेकांत देण्याचं, आणि तेव्हा दोघं चोरीत, म्हणजे लग्नाच्या मांडवीत, बसलेली असतात. एकाच मिनिटाला दोन्ही कसं होणार? म्हणून आपले भटजी आणि त्यांचे गोर महाराज, म्हणजे गुजराती पुरोहित, यांना महिनाभर आधी समोरासमोर बसवून क्रम कागदावर उतरवून घ्या. नवरीच्या साडी बदलण्याला अर्धा तास वेगळा धरा. नऊवारीतून पानेतरात, म्हणजे गुजराती नवरीच्या पांढऱ्या-लाल साडीत, जायचं तर त्याहून जास्त.

तारखेचंही तसंच. त्यांची कमुरतां, म्हणजे लग्नाला वर्ज्य दिवस, उत्तरायणाला (आपली मकरसंक्रांत) संपतात आणि लगेच बँड वाजू लागतात. आपला पौष मात्र कधीकधी जानेवारी सरेपर्यंत रेंगाळतो. आजी अडून बसणार असेल तर हॉल बुक करण्याआधीच विचारा.

आता पोंखणुं. जान, म्हणजे वरात, दारात आली की नवरीची आई वराला ओवाळते आणि लाल कापडातलं छोटं धोंसरुं, मुसळ, रवैयो, तराक त्याच्यासमोर फिरवते. म्हणजे जू, मुसळ, रवी आणि चाती, सगळा संसारच. मग ती जावयाचं नाक ओढायला बघते. सीमांतपूजनाच्या थाटाची सवय असलेल्या आपल्या आत्याबाई इथेच फुगतात. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की तो अपमान नव्हे, थट्टा आहे. त्यानंतर वराने पायाने संपुट फोडायचं, म्हणजे नाडाछडीने (पूजेच्या लाल दोऱ्याने) बांधलेल्या, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या पणत्या. हॉलच्या जाड गालिच्यावर त्या फुटत नाहीत, नुसत्या दबतात आणि नवरदेव चार लाथा घालत बसतो. खाली लाकडी पाट ठेवा, एका टाचेत काम होतं.

'फेरे सात की चार' हा वाद तर फुकाचा. त्यांचे मंगळफेरे चार, आणि सप्तपदी त्याहून वेगळी. आपल्याकडेही प्रदक्षिणा लाजाहोमाच्या आणि सप्तपदी तांदळाच्या सात राशींवरची. फेरे आणि पावलं एकच समजणारे बहुतेक फोटोग्राफर असतात. भाऊ दोन्हीकडे लागतोच. आपल्याकडे लाह्या, त्यांच्याकडे जव-तल. कानपिळी मात्र आपली, ती सोडू नका.

नवरी आपली असेल तर मामाला आधी गाठा. आपला मामा अष्टपुत्री साडी आणून मोकळा होतो. तिकडे मोसाळू, म्हणजे मामाकडचा आहेर, यात पानेतर, चूडो आणि वर बरंच काही. ऐनवेळी कळलं तर मामाचा चेहरा बघवत नाही.

आणि मंत्रांचा अर्थ विचारायला लाजू नका. पुरोहितांनी परीक्षा द्यावी आणि विधी यजमानाला समजेल असा करावा म्हणून सयाजीरावांनी याच बडोदे संस्थानात 1915 मध्ये कायदा केला होता.

जेवणाचं काय ते केटररवर सोडा, फक्त कंसारावर (लग्नातला गव्हाचा गोड पदार्थ) तूप हात आखडून घालू देऊ नका. चांदल्याच्या, म्हणजे आहेराच्या पैशांच्या, वहीवर मात्र त्यांचाच माणूस बसवा. आपले लोक पाकीट घेतात आणि नाव लिहायला विसरतात.