देवावर चर्चा ठेवताय? मग दुसऱ्या बाजूचा माणूस कुठाय?

कॉलेजातली तत्त्वज्ञान मंडळं, स्टडी सर्कल वगैरे जेव्हा 'देव आहे का' नाहीतर 'माणूस मुळात स्वार्थी आहे का' असले विषय ठेवतात तेव्हा बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. दीपप्रज्वलन, परिचय, पाहुण्यांचं पाऊण तास भाषण, वेळेअभावी दोनच प्रश्न, आभार, चहा. आणि पाहुणा कायम आयोजकांच्याच मताचा. टाळ्या पडतात, पोरं फोटो काढतात, आणि येताना जे मत होतं तेच घेऊन घरी जातात.

आता हे बघा. ऑक्सफर्डला 1942 साली, ऐन युद्धात, सॉक्रेटिक क्लब सुरू झाला. कारण काय, तर समरव्हिल कॉलेजातल्या एका मुलीने तक्रार केली की देवाबद्दल शंका असलेल्यांचे प्रश्न कुणी धड चर्चेलाच घेत नाही. स्टेला ऑल्डविंकल या बाईंनी ते मनावर घेतलं आणि 'नार्निया'वाला लेखक सी. एस. लुईस अध्यक्ष झाला, तो 1954 पर्यंत. पद्धत एकदम साधी: एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्या बाजूच्याने उत्तर द्यायचं, मग कुणीही काहीही विचारा. क्लब चालवणारे श्रद्धाळू ख्रिश्चन, पण अँटनी फ्लूसारखा पक्का नास्तिक तिथे येऊन आपला निबंध वाचून गेला.

आणि अध्यक्षालाही सूट नाही बरं का. लुईसचा लाडका मुद्दा असा होता की सगळे विचार जर मेंदूतल्या आंधळ्या भौतिक कारणांनी होत असतील तर 'निसर्गापलीकडे काही नाही' या विचारावर तरी भरवसा का ठेवायचा. 2 फेब्रुवारी 1948 ला तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम क्लबात उभी राहिली, वय 28, स्वतः कॅथलिक, म्हणजे त्याच्याच बाजूची म्हणा ना, आणि तिने तो मुद्दा सोलून काढला. भीतीपोटी नाहीतर भ्रमातून बनलेलं मत वेगळं आणि ज्याच्यामागे नुसती भौतिक प्रक्रिया आहे ते मत वेगळं, तू दोघांना एकाच पोत्यात कसं काय भरतोस, असं तिचं म्हणणं. लुईस त्या दिवशी हरला की नाही यावर लोक अजून भांडतात, मला त्यात फार रस नाही. मला आवडतं ते हे की हा मुद्दा ज्यात होता त्या 'मिरॅकल्स' पुस्तकाच्या 1960 च्या आवृत्तीत त्याने ते प्रकरण बदलून लिहिलं, आणि यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो असं पुढे खुद्द अँस्कमनेच म्हटलं.

आपल्याकडे काही नव्हतं असं नाही हां. 1848 ला मुंबईत एल्फिन्स्टनच्या पोरांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, दादाभाई नौरोजी त्यातलेच, आणि नुसते निबंध वाचून थांबले नाहीत तर वर्षभरात मुलींच्या शाळा काढून स्वतः शिकवायला गेले. पण धर्माची गोष्ट आली की मामला गुपचूप. दादोबा पांडुरंग आणि मंडळींची परमहंस सभा, 1849 ची, जात मोडायची म्हणून ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचे, पण दारं लावून. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा आटोपली! त्यांना नावं ठेवत नाहीये मी, त्या काळात वाळीत पडणं म्हणजे चेष्टा नव्हती. पण बंद खोलीत सगळे एकाच मताचे, त्यामुळे आपलं म्हणणं विरोधकासमोर उघडपणे मांडायची वेळच कधी आली नाही. 1867 ला प्रार्थना समाज निघाला तो मात्र उघड उघड.

आज वाळीत कोण टाकतंय? फार तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून काढतील. (भावना दुखावण्याचा प्रश्न खरा आहे, मान्य, पण भावना दुखावतात त्या एकतर्फी भाषणात जास्त, कारण तिथे उत्तर द्यायला माइकच मिळत नाही.)

आमच्या इथल्या एका मंडळाने पुढच्या आठवड्यात 'श्रद्धा आणि विज्ञान' ठेवलंय. पोस्टरवर तीन पाहुणे, तिघंही एकाच बाजूचे. आयोजक पोराला विचारलं तर म्हणतो, सर, दुसऱ्या बाजूचं कुणी मिळालंच नाही.

पुण्यात. वाद घालायला माणूस मिळाला नाही म्हणे.