नारळ कोणी मागितले होते?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर गेला आठवडाभर एका भिंतीवरून रणकंदन चाललंय. गाव भंडारा जिल्ह्यातलं, लाखांदूर तालुक्यातलं. वैनगंगा ओलांडली की वडसा. शहरातून कलावंतांची एक तुकडी आली, शाळेची रस्त्याकडची भिंत तीन दिवसांत रंगवली, फोटो काढले आणि गेली. भिंतीवर आता समुद्र आहे, होडी आहे आणि नारळाची पाच झाडं आहेत. धानाच्या बांध्यांच्या मुलखात नारळ!

गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नळाला पाणी दिवसाआड येतं आणि यांना चित्रं सुचतात. दुसरा म्हणतो, हीच भिंत खर्‍याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पिचकाऱ्यांनी रंगली होती तेव्हा कोणाचं पोट दुखलं नाही. मोठे बाबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी नातवाकडून आवाज पाठवला, "चित्र बरं आहे जी. पन आमाले कोनं इचारलं?"

मी अकरा वर्षं फिलाडेल्फियात राहतो, त्यामुळे या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. भिंतींवर रंग फासत फिरणाऱ्या पोरांना आवरायला इथे 1984 मध्ये महापौर विल्सन गूड यांच्या कारकिर्दीत एक मोहीम निघाली. तीत जेन गोल्डन ही चित्रकर्ती आली आणि तिने त्याच पोरांना भित्तिचित्रांच्या कामाला लावलं. त्यातूनच शहराचा म्युरल आर्ट्स कार्यक्रम उभा राहिला. आजवर चार हजारांच्या वर चित्रं झालीत.

मला त्या आकड्यापेक्षा चित्राआधीच्या बैठकांचं कौतुक आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या अशा एका बैठकीला मी गेलो होतो, खरं तर फुकटच्या कॉफीसाठी. चित्रकाराने कच्चा आराखडा दाखवला. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, यात आमच्या गल्लीतलं कोणीच दिसत नाही. तासभर वाद झाला. पुढच्या बैठकीत आराखडा बदलून आला.

रंगवायची रीतही मजेची आहे. चित्र थेट भिंतीवर काढायचं नाही. पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर रेषा आणि रंगांचे क्रमांक टाकून द्यायचे. मग शाळेतली मुलं, म्हातारे, तुरुंगातले कैदीसुद्धा ते भरतात आणि तुकडे भिंतीवर चिकटवले जातात. माझ्या वाट्याला एका कोटाची बाही आली होती. ती आता तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर आहे. खालून कोणाला कळत नाही, मला कळते.

इथे सगळं सोन्याचं आहे असं मात्र नाही. मोकळ्या प्लॉटशेजारच्या भिंतीवर चित्र काढतात, काही वर्षांनी त्या प्लॉटवर इमारत उभी राहते आणि चित्र कायमचं झाकलं जातं. बिल्डर बैठक घेत नाही.

पण बैठकांचं कौतुक करताना मला आमचीच आठवण येते. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, वडशाच्या नाटक कंपन्यांशी गावागावातली मंडळं सौदा करतात, आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक तांबडं फुटेस्तोवर चालतं. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. धान पडून राहिलेल्या वर्षीही लोक तिकीट काढतात, आणि तेव्हा 'आधी पाणी' असं कोणी म्हणत नाही. म्हणून पहिल्या तटाचं म्हणणं मला अर्धंच पटतं. खर्च खुपतो तो परक्याच्या हौशीसाठी झाला की.

आणि पोळ्याला म्हणायची खोचक कवनं, आमच्या झडत्या? तोरणाखाली सजवलेल्या जोड्या उभ्या असतात आणि एकेक जण चारचौघांत झडती हाणतो: सावकारावर, धानाच्या भावावर, समोर बसलेल्या सरपंचावरसुद्धा. शेवटी सगळं गाव ओरडतं, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!" गावाच्या मध्यावर, उघड्यावर, ज्याला जमेल त्याने करायची ही कला. तिला कोणी प्रकल्प म्हणत नाही एवढंच.

शहरातल्या त्या पोरापोरींवर माझा राग नाही. हात चांगला आहे त्यांचा, होडी तर फार सुबक. पण एक संध्याकाळ पारावर बसले असते, तर नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस गावातच आहे हे त्यांना कळलं असतं. नारळाच्या जागी मोहाचं झाड आलं असतं.

हे सगळं मी गटावर लिहिलं. लांबलचक झालं, दोघांनी अंगठा दिला. चुलत भावाचं उत्तर मात्र लगेच आलं, "एवढं पोटतिडकीनं वाटते तर पोळ्याले ये ना बे. तोरणाखाली झडतीत म्हन."

तिकिटाचे भाव बघतोय.