जॉन मॅकलेंडन यांचा वेग रक्तातला नव्हता, सरावातला होता

आज एका आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यात शेजारी बसलेल्या एका प्रशिक्षकांचं वाक्य कानावर पडलं आणि डोकं सणकलं. "अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पोरांना फास्ट ब्रेक शिकवावा लागत नाही हो, ते त्यांच्या रक्तातच असतं." रोज मैदानावर घाम गाळणाऱ्या माणसाने हे बोलावं? मग 12 मार्च 1944 ला डरहॅममध्ये जे घडलं ते काय आपोआप घडलं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फास्ट ब्रेक म्हणजे चेंडू मिळताच, समोरचा बचाव सावरायच्या आत केलेली वेगवान चढाई. आता तो दिवस. नॉर्थ कॅरोलायना राज्य, रविवारची सकाळ, अर्धं गाव चर्चमध्ये. ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलचा गोरा संघ उसन्या गाड्यांतून आडवाटेने, जॅकेटं डोक्यावर ओढून कृष्णवर्णीयांच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजच्या जिममध्ये शिरला. आतून कुलूप. रेफरी होता, घड्याळ होतं, प्रेक्षक मात्र एकही नाही, कारण गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एकत्र खेळणं तिथे चालतच नव्हतं. ड्यूकची मुलं काही कच्ची नव्हती. बरीचशी आधी वेगवेगळ्या कॉलेजांकडून खेळलेली. निकाल 88-44, नॉर्थ कॅरोलायना कॉलेजच्या बाजूने. घरच्या संघाचे प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन तेव्हा 28 वर्षांचे होते.

88 गुण म्हणजे त्या काळात काय, हे आजच्या पोरांना कळत नाही. ठराविक सेकंदांत शॉट मारायला लावणारा शॉट क्लॉक पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये आला 1985 मध्ये. 1937 पर्यंत तर प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर नेऊन जंप बॉल होत असे, म्हणजे दोघांमध्ये वर फेकून नव्याने सुरुवात. तो नियम गेला आणि बास्केट खाल्लेल्या संघाला लगेच बास्केटमागच्या बेसलाइनवरून चेंडू मिळू लागला, तरी बहुतेक प्रशिक्षक चेंडू फिरवत, वाट बघत, हळूहळू पुढे सरकत बसले. मॅकलेंडन यांना त्या मोकळ्या सेकंदांत अख्खा खेळ दिसला.

आता "रक्तात असतं" म्हणणाऱ्यांनी जरा कोर्टवर उतरून बघा. फास्ट ब्रेक पायांनी सुरू होत नाही, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, घेणाऱ्याच्या खांद्यांनी होतो. चेंडू हातात आला की त्याने हवेतच जवळच्या साइडलाइनकडे वळायचं. तोंड आतल्या बाजूला राहिलं की गर्दीत अडकला. पाय टेकताच आउटलेट पास, म्हणजे गर्दीबाहेर काढणारा पहिला पास, फ्री थ्रो लाइनच्या उंचीवर साइडलाइनजवळ उभ्या असलेल्या गार्डला. इथे ड्रिबल मारला की संपलं, तेवढ्या दीड सेकंदात समोरचे दोघे मागे पोचतात. मग चेंडू मधल्या लेनमध्ये आणि दोन विंग, म्हणजे कडेने धावणारे दोघे, अगदी साइडलाइनला चिकटून. आपली पोरं हमखास चुकतात ती इथेच: धावता धावता विंग आत सरकतात आणि एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. पलीकडच्या फ्री थ्रो लाइनशी मधल्याने थांबायचंच. तो आणखी आत घुसला तर पासचा कोन मिटतो. तो थांबला की विंग बाहेरून 45 अंशांत बास्केटकडे कापतात, बाउन्स पास, आणि बास्केटजवळून अलगद ले-अप. चौथा ट्रेलर म्हणून मागून येतो, पाचवा मागे राखणीला. आणि चेंडू पक्का हातात यायच्या आधीच विंग सुटले तर समोरच्याला फुकटचा रिबाउंड!

हे सगळं 40 मिनिटं, दमलेल्या पायांनी, न चुकता करायचं. म्हणून मॅकलेंडन आपल्या मुलांना मैलोन् मैल पळवत. म्हणून त्या रविवारी सुरुवातीला दोन्ही संघ बिचकत खेळले, हातातले पास सुटले, आणि तरी मागाहून ड्यूकची दमछाक झाली. पायातला दम आणि लेनची शिस्त, दोन्ही आधीच कमावलेलं होतं.

आणि शिकवलं कुणी? खुद्द जेम्स नेस्मिथ यांनी. 1891 मध्ये ज्यांनी हा खेळ शोधला, ते कॅन्सस विद्यापीठात मॅकलेंडन यांचे मार्गदर्शक होते. कृष्णवर्णीय म्हणून मॅकलेंडन यांना विद्यापीठाच्या संघात खेळता आलं नाही. हे लिहितानाही वाईट वाटतं. खेळाच्या जनकाजवळ बसून खेळ शिकायचा, आणि त्याच विद्यापीठाच्या जर्सीला हात लावायचा नाही. नेस्मिथ यांच्याकडून त्यांनी एक गोष्ट मनात घट्ट धरली: चेंडू जिथे असेल तिथूनच चढाई सुरू होते. पूर्ण कोर्टभर खेळायचं. त्यांचा फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टभर चेंडूवाल्यावर दबाव टाकणारा बचाव, त्यातूनच आला. साइडलाइन हा फुकटचा बचावपटू, मध्यरेषा हा दुसरा. चेंडूवाल्याला मध्यरेषा ओलांडल्या ओलांडल्या कोपऱ्यात दोघांनी गाठलं, की त्याला मागेही जाता येत नाही.

मान्य, फास्ट ब्रेक त्यांनी एकट्यानेच शोधला असं नाही. पर्ड्यू विद्यापीठाचे प्रशिक्षक वॉर्ड लॅम्बर्ट, ऱ्होड आयलंडचे फ्रँक कीनी हेही पळवत होते. पण त्यांच्या मुलांच्या वेगाला कुणी "रक्त" म्हटलं नाही. त्याला कोचिंग म्हटलं.

त्या रविवारचं मला सगळ्यात भावतं ते सामन्यानंतरचं. हरलेले, जिंकलेले थोडे दम खाऊन परत कोर्टवर आले, संघ मिसळले, आणि गोरे-कृष्णवर्णीय एकाच बाजूने पुन्हा खेळले. त्याच गावात चार महिन्यांनी बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाला बसमधल्या जागेच्या वादातून ड्रायव्हरने गोळी घातली, आणि ड्रायव्हर निर्दोष सुटला. त्या मुलांनी कुलूप का लावलं होतं ते यावरून समजा. अनेक दशकं कुणी तोंड उघडलं नाही. 1996 मध्ये हे छापून आलं.

पुढे टेनेसी ए अँड आय या विद्यापीठाला मॅकलेंडन यांनी 1957, 1958, 1959 असं सलग तीन वर्षं एनएआयए या लहान कॉलेजांच्या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. 1966 मध्ये क्लीव्हलँड स्टेटला गेले, गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. तिथे जिंकल्यापेक्षा हरले जास्त, डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाने तर नंतर 28 सामन्यांत घरी पाठवलं. ठीक आहे, हेही खरं.

पण स्प्रिंगफील्डचा बास्केटबॉल हॉल ऑफ फेम बघा, खेळातल्या थोरांचा सन्मान होतो तो. 1979 मध्ये त्यांना आत घेतलं ते "योगदान देणारे" म्हणून. प्रशिक्षक म्हणून नाही! प्रशिक्षक म्हणून नाव लागलं 2016 मध्ये. मॅकलेंडन 1999 मध्येच गेले होते. त्या हॉलला नाव आहे नेस्मिथ यांचं, आणि नेस्मिथ यांच्या या विद्यार्थ्याला तिथे कोच म्हणवून घ्यायला 37 वर्षं लागली.